पाण्यात घालू नये

दुधाची पिशवी फोडण्याआधी तिचा वास घ्यायचा. फोडल्यावर पुन्हा घ्यायचा.

बाहेरून आल्यावर आधी कुलूप बोटांनी चाचपायचं, मग किल्ली घालायची.

पिशवी कचऱ्याची असो, तांदळाची असो की औषधांची, तोंड दोऱ्याने बांधायचं. गाठ डाव्या हाताची. उरलेलं टोक डावीकडून आत खोचलेलं. कुणी उघडून पुन्हा बांधली तर ओळखू यावी म्हणून.

पाव आणायला मोठा वळसा घालून जायचं. जवळचं दुकान मागच्या गल्लीत होतं. मागच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही.

कुणी हसून बोललं तर दोन दिवस विचार करायचा, का हसलं असेल.

आणि महिन्यातून एकदा मांजराला आंघोळ घालायची.

काकांच्या या सवयी. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. गल्लीत त्यांना हुंगेकाका म्हणायचे. तोंडावर नुसतं काका. त्यांना दोन्ही नावं माहीत होती. पहिलं नाव कुणी पाडलं याबद्दल त्यांचा तीन जणांवर संशय होता. त्यात मी होते. नाव मीच पाडलं होतं.

काका बत्तीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत होते. धुण्यावर नाही, इस्त्रीवरही नाही. खुणांच्या टेबलावर. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचा नंबर घालायचा, आणि कपडा कसा धुवायचा ते दोऱ्याने सांगायचं. पांढरा दोरा म्हणजे खळ द्या. निळा म्हणजे रंग जातो, वेगळा धुवा. लाल म्हणजे पाण्यात घालू नये. आत धुणाऱ्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती. दोरा सगळ्यांना वाचता यायचा.

मांजराचं नाव त्यांनी गिऱ्हाईक ठेवलं होतं. आलं तर आलं, गेलं तर गेलं, तोंड वाकडं करायचं नाही, असं ते म्हणायचे. त्याच्या गळ्यात सुती नाडीचा पट्टा होता. पट्ट्यावर त्याच शाईने आकडा घातलेला होता, बारा.

"बाराच का?" मी एकदा विचारलं.

"आमच्या घरचा नंबर. घरचे कपडे बारावर पडायचे."

"घरचे म्हणजे कुणाचे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कुणी विचारायला सांगितलंय का?"

आमची ओळख आंघोळीनेच झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जिन्यात मला थांबवलं. मी नुकतीच एम.ए. होऊन एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले होते.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"हात बघू." त्यांनी माझे हात वास घेऊन पाहिले. शाई, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "नखं कापलेली आहेत. चालेल. मांजर धरायला माणूस पाहिजे."

तेव्हापासून ते मला साहित्य म्हणत. महिन्यातून एकदा खालून हाक यायची. "काय साहित्य, वेळ आहे का?"

त्यांची न्हाणी म्हणजे अडीच पावलांची खोली. त्यांची आंघोळ घालण्याची पद्धत ठरलेली होती आणि तीत बदल नव्हता. आधी खिडकी लावायची. दार लावायचं. मग कडी ओढून पाहायची, कारण मागे एकदा कडी लागली असं कुणीतरी सांगितलं होतं आणि ती लागलेली नव्हती. टबाच्या तळाशी टॉवेल अंथरायचा. पाय घसरला की मांजराचा विश्वास जातो, ते म्हणायचे. दुसऱ्या टबात धुवायचं पाणी आधीच भरून ठेवायचं. नळाचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये. पाणी कोपर बुडवून बघायचं. त्यांचं, मग माझं. माझ्या कोपरावर त्यांचा पुरेसा भरवसा नव्हता, म्हणून पुन्हा त्यांचं.

बाकी कुठल्याही बाबतीत धास्तावलेला हा माणूस न्हाणीत शांत व्हायचा. मांजर त्यांच्या मनगटावर पंजे टेकून उभं राहायचं आणि ते मगाने मानेपासून मागे पाणी सोडायचे, खांद्यावरची शाल सारखी करावी तसं. तोंडावर पाणी कधी नाही. तोंड ओल्या फडक्याने. त्या अर्ध्या तासात ते कुणावरही संशय घेत नसत.

गिऱ्हाइकावर तर कधीच नाही. त्या घरात तो एकच जीव संशयाबाहेर होता. दुपारी ते सज्जातून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी यायचं, आणि कुठे गेला होतास असं काकांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. मला विचारायचे. शिंप्याला विचारायचे. त्याला नाही.

म्हणून दोन महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारी मी चक्रावले.

मी कामावरून आले तेव्हा ते दारातच उभे होते. मांजर काखेत होतं.

"हुंग."

मी मांजराच्या पाठीचा वास घेतला. "मांजराचा येतोय."

"तुझं नाक साहित्याचं आहे. हे धुतलंय."

"आपणच धुतलं ना परवा?"

"आपला शाम्पू मांजरांचा. डॉक्टरकडचा. हा वास लहान मुलांच्या साबणाचा आहे. आपल्या मांजराला कुणीतरी आंघोळ घातलीय."

मी हसले. ती चूक झाली. त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं आणि दोन्ही तळवे हुंगले. मग काही न बोलता न्हाणीत गेले आणि टब काढला.

"पुन्हा?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या साबणाचं मांजर मी घरात ठेवू?"

गिऱ्हाइकाची त्या आठवड्यातली ती तिसरी आंघोळ होती. एक आमची, एक अज्ञात, एक पुन्हा आमची.

गुरुवारी ते परत तसंच आलं. मऊ, फुललेलं, बाळासारखा वास येत असलेलं. आम्ही परत धुतलं. पुढच्या मंगळवारी परत.

काकांची झोप उडाली. चोरी झाली असती तर त्यांना समजलं असतं. कुणी दूध घालून मांजर फितवलं असतं तरी समजलं असतं. पण कुणी त्याला आंघोळ घालून, कोरडं करून, परत पाठवावं? यात घालणाऱ्याचा फायदा काय, हे त्यांना कळत नव्हतं. आणि ज्यात फायदा दिसत नाही त्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटे.

"ते मला सोडून चाललंय," ते एकदाच म्हणाले. "कुणीतरी त्याला शिकवतंय."

लहान मुलांचा साबण म्हणजे लहान मूल असलेलं घर. आमच्या गल्लीत तसं एकच होतं, समोरच्या शिंप्याचं. काकांनी मला चौकशीला पाठवलं. स्वतः खिडकीच्या फटीतून बघत उभे राहिले.

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "आमच्या पोराला आंघोळ घालायला आम्ही नवराबायको दोघं लागतो, वर सासू ओरडायला लागते. मांजराला कोण घालणार? त्यांना सांग, नाक दुरुस्तीला टाका."

"तुमच्या घरी साबण कुठला?"

"तू पण आता हुंगायला लागलीस?"

मी काकांना सांगितलं की शिंपी नाही म्हणाला. "किती वेळाने नाही म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, लगेच. "मग तयारी करून ठेवली होती."

तळमजल्यावर भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. त्या मांजराच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या मते म्हणूनच त्या संशयित होत्या. बाईंनी मला नीट बसवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना विचार, मांजर कुठल्या दिशेने येतं? आधी दिशा बघावी, मग माणूस."

मला ते पटलं. मी काकांना विचारलं. त्यांनी खिडकी लावली. मग म्हणाले, "दिशेचा काही संबंध नाही."

दिशा मागच्या गल्लीची होती. हे मला नंतर कळलं.

तोवर गिऱ्हाइकाची मान बिघडली. पट्ट्याखालचे केस विरळ झाले, कातडी लाल दिसायला लागली. पोटावर कोंडा धरला. ते सारखं अंग चाटायचं. काका म्हणाले, त्या साबणाने झालं. मी म्हणाले, आंघोळी फार होतायत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. तो सोडायला नको होता.

आणि मग एका शनिवारी गिऱ्हाईक आलं ते न धुतलेलं. पट्टा सैल केलेला होता. पट्ट्याला एक लाल दोरा बांधलेला होता.

मी तेव्हा तिथेच होते. काकांनी मांजर मांडीवर घेतलं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. दोरा बोटाने उचलला, गाठ पाहिली, आणि हात मागे घेतला. चटका बसल्यासारखा.

"पाण्यात घालू नये," ते म्हणाले.

मी गाठ बघायला वाकले.

"ही गाठ तिची आहे. उजव्या हाताची, दोन फेऱ्यांची. असली गाठ दुसरं कुणी मारत नाही."

"तिची म्हणजे कुणाची?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की काकांना बहीण आहे. मोठी. खुणांच्या टेबलावर दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर. सव्वीस वर्षं एकीवर ती, एकीवर ते. मागच्या गल्लीत, पिवळ्या जिन्याच्या घरात, पहिल्या मजल्यावर ती राहत होती. अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते.

कारण एक कोट होता. गडद तांबड्या रंगाचा, लोकरीचा, एका गिऱ्हाइकाचा आवडता. तो चुकून गरम पाण्यात गेला आणि सहा वर्षांच्या मुलाला येईल एवढा होऊन बाहेर आला. मालकाने विचारलं, खूण कुणी केली? काका म्हणाले, मी. लाल दोरा बांधला होता. मालकाने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी दोरा पाहिला नाही."

काकांना टेबलावरून काढून घड्या घालायला बसवलं. शेवटची तीन वर्षं त्यांनी चादरींच्या घड्या घातल्या.

"दोरा मी बांधला होता," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तो कोटावर नव्हता, म्हणजे कुणीतरी काढला. टेबलावर दोनच माणसं होती. हिशेब कर."

"पण त्या कशाला काढतील?"

"हेच मी अकरा वर्षं शोधतोय." त्यांनी मांजराच्या मानेवरून हात फिरवला. "तेव्हा काढला. आता बांधतेय. जा, विचार तिला, माझ्या मांजरात काय खोट निघाली."

पिवळा जिना अरुंद होता. दार उघडणारी बाई काकांसारखीच दिसत होती, फक्त केस लांब. मी म्हणाले, "आत्या, मी..."

"आत्या? कुणाकडून?"

"खालच्या... म्हणजे काकांकडून."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "त्याने पाठवलं की तू आलीस?"

"पाठवलं."

"काय चोरायला?"

मला वाटलं, अगदी एका टेबलावरची माणसं आहेत.

खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक शिवणयंत्र, मोरीत लहान मुलांच्या साबणाची वडी. टेबलावर येण्याआधी धुण्यावर असताना त्यांच्या हातांची कातडी सोडा आणि ब्लीचने कायमची गेलेली होती, दुसरा साबण त्यांना चालत नव्हता. मांजर दोन वर्षांपासून त्यांच्याकडे येत होतं, आमच्या पहिल्या आंघोळीच्याही आधीपासून. पहिल्या दिवशीच त्यांनी पट्टा उलटून पाहिला.

"बारा नंबर," त्या म्हणाल्या. "आमच्या आईच्या घरचा. शाई तीच, आकड्याचं वळण तेच. दुसऱ्या कुणाचं असणार? मी त्याला बारा म्हणूनच हाक मारते."

"मग इतक्यात आंघोळी का घालायला लागलात?"

"दुपारभर माझ्या पांघरुणात झोपतं. त्याच्या घरचा वास घेऊन." त्या जरा थांबल्या. "एकदा चिखलात भरून आलं म्हणून घातली. तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शाम्पूचा वास. माझा हात लागलेला चालत नाही काय त्याला? मग मी पण घातली."

"ते पण तुमचा वास आला म्हणूनच घालत होते."

"माहीत आहे. मी त्याला अकरा वर्षांची होते तेव्हापासून ओळखते."

दोघांनी मिळून त्या मांजराला महिन्यात नऊ वेळा धुतलं होतं. आत्यांनीच शेवटी त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्यांची हजेरी घेतली. एकवीस दिवस पाण्याचा थेंब नको, मलम लावा, नंतरही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. आत्यांना हा निरोप भावाला द्यायचा होता. चिठ्ठी लिहिली असती तर त्याने ती उजेडात धरून पाहिली असती, कुणी लिहून घेतली म्हणून. दोऱ्यावर त्याचा विश्वास बसेल, असं त्यांना वाटलं.

मी निघताना त्या म्हणाल्या, "थांब." त्यांनी शिवणयंत्राच्या खणातून एक तांबडं, जाड, लहानसं काहीतरी काढलं. मला आधी लहान मुलाचा कपडा वाटला.

तो कोट होता.

मालक टाकून देणार होता, तो त्यांनी ठेवला होता. इस्त्रीखाली घालायला. चार वर्षांपूर्वी पातेलं धरायला फडकी करावीत म्हणून त्यांनी कॉलर उसवली. लोकर पाण्यात आटून नमद्यासारखी घट्ट झाली होती. तिच्या आत, तिने गिळलेला, एक लाल दोरा होता.

"लालावर लाल," आत्या म्हणाल्या. "दोरा होता. धुणाऱ्याला दिसला नाही. मला पण दिसला नव्हता. मी पाहिला नाही म्हणाले. नव्हता असं नाही म्हणाले."

"हे तुम्ही काकांना सांगितलं नाही?"

"चार वर्षांत चार वेळा जिना उतरले. मग वाटायचं, तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. आत्ताच बांधून आणलास."

मी दोरा नीट पाहिला. का, ते मला सांगता येत नाही. दिवसभर मुद्रितं बघून डोळ्यांना सवय लागते, चूक नसेल तिथेही थांबायची.

काका दारातच होते. मी आंघोळींचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग मी कोटाचं सांगितलं.

"आत्ताच बांधला असेल," काका म्हणाले.

मी वाट पाहिली.

"चार वर्षं गप्प बसते कुणी?"

ते आत गेले. पाणी प्यायले. भांडं धुऊन पालथं घातलं. परत आले.

"गाठ कशी होती?"

मी ओट्यावरची तांदळाची पिशवी घेतली. तिच्यावरची गाठ दाखवली. "ही. टोक डावीकडून आत."

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तिला डाव्या हाताने घाससुद्धा उचलता येत नाही."

गिऱ्हाईक त्यांच्या पायाशी येऊन मान चाटायला बघत होतं. तिथवर त्याची जीभ पोचत नव्हती.

"मी जाऊन त्यांना बोलावू?" मी विचारलं.

"नको. एकवीस दिवस होऊ देत. आत्ता गेलो तर तिला वाटेल कोटासाठी आला. मांजराचं काम आहे, मांजराच्या दिवशी होईल."

मी हो म्हणाले. मला ते शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बोलावलं. बहिणीला आंघोळ नीट घालता येत नाही, अशी त्यांची खात्री होती. केसांच्या मुळाशी साबण राहिला होता, नाहीतर कातडी अशी जात नाही. तेव्हा तिला पद्धत लिहून पाठवायची. एकविसाव्या दिवशी तिने ती वाचून यावं.

"लिही. साहित्य."

मी मान वर केली.

"तू नाही. वर लिही, साहित्य. दोन टब. एक मग. तीन जुने टॉवेल. मांजरांचा शाम्पू, माणसांचा नाही, बाळांचा तर नाहीच. एक फडकं." ते थांबले. "आणि खाली लिही, एक साहित्य, धरायला."

दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ते एक कलम सांगायचे. मी लिहायचे. ते वाचून पाहायचे, मी काही घुसडलं नाही ना म्हणून. कागद त्यांच्याकडेच राहायचा. तो माझ्यासमोर आहे.

१. आदल्या दिवशी नखं कापावीत. त्याच दिवशी कापली तर ते लक्षात ठेवतं.

२. आधी कोरडंच विंचरून सगळ्या गुंती काढाव्यात. गुंत ओली झाली की सुटत नाही.

३. दार, खिडकी लावून कडी स्वतः ओढून पाहावी. दुसऱ्याचं ऐकू नये.

४. टबाच्या तळाशी टॉवेल. पाणी पोटापर्यंत, कोमट. कोपराने पाहावं, बोटाने नाही. बोटं लाँड्रीत गेलेली आहेत, त्यांना कळत नाही.

५. पहिला फेस मानेभोवती, गोल. नाहीतर पिसवा डोक्याकडे पळतात. कानात, डोळ्यांत पाणी नाही. तोंड फडक्याने.

६. बोलत राहावं. काय बोलतो याला महत्त्व नाही, पण आवाज खरा असावा.

सहावं सांगताना त्यांनी दोनदा बदललं. आधी "खोटं बोलू नये" होतं.

७. साबण पूर्ण जाईपर्यंत धुवावं. केस बोटांत करकर वाजले की झालं. शंका राहिली तर आणखी एक मग. शंका नसली तरी आणखी एक.

सातवं अठराव्या दिवशी झालं. उरलं होतं कोरडं करण्याचं. त्यावर ते अडले. आमच्याकडून आंघोळ झाली की गिऱ्हाइकाच्या पोटाखालचे केस दर वेळी चिकटून राहायचे. तिकडून यायचं तेव्हा ते फुललेलं असायचं, कापसासारखं. हे काकांनी पहिल्या सोमवारीच पाहिलं होतं. बोलले आत्ता.

"ती काय करते कळत नाही. आठवं राहू दे. ताईला विचारून लिहू."

अकरा वर्षं ते "ती" म्हणत होते. माझ्यासमोर तर कायमच. मी कागदाकडे बघत राहिले, म्हणजे त्यांना वाटायला नको की मी ऐकलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा ते जिन्यात होते. हातात दुधाची पिशवी.

"हुंग जरा. छातीत जळजळतंय सकाळपासून. दूध बदललंय याने."

मी वास घेतला. "दूध चांगलं आहे."

"तुझं नाक साहित्याचं आहे."

"संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ या का?"

"दूधवाल्याकडे जाऊ."

मी हसले आणि जिना उतरले. मी खरंच हसले. त्यांनी दोन दिवस विचार केला असता, का हसली म्हणून.

दुपारी तीन वाजता छापखान्यात शिंप्याचा फोन आला. खिडकीच्या फटीत काका दिसत नव्हते, एवढंच त्याला खटकलं होतं. दोन वर्षं रोज तो त्या फटीला शिव्या देत होता. फट रिकामी दिसल्यावर तो मशीन तसंच सोडून जिना चढला. ते खुर्चीत होते. दुधाचं पातेलं ओट्यावर झाकलेलं, न तापवलेलं. पिशवीतलं अर्धं दूध त्यांनी तसंच ठेवून तोंड बांधलं होतं. डाव्या हाताची गाठ. दूधवाल्याला पुरावा दाखवायला.

मला अजून कळत नाही की मी त्या पिशवीचा वास का घेतला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं. त्यांना घाम आला होता. ते मी पाहिलं होतं, आणि मी दूध हुंगलं.

आत्या आल्या, खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी भावाच्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली. आत शाईने बारा लिहिलेलं होतं. त्यांनी कॉलर सारखी केली.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी होते तेव्हा दारावर थाप पडली. आत्या होत्या. एका हातात मांजर, एका हातात पिशवी. पिशवीत तो कोट होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, कॉलर वर येईल असा, आणि त्याबद्दल बोलल्या नाहीत.

"दिवस भरले," त्या म्हणाल्या. "मान कोरडी झालीय. कागद कुठाय?"

कागदाचं आणि त्यातल्या पहिल्या कलमाचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं; नखं त्यांनी आदल्या दिवशी कापली होती. लाल दोरा त्यांनीच दातांनी तोडला. न्हाणीत आम्ही दोघी जेमतेम मावलो. मी वाचत गेले, त्या करत गेल्या. तिसऱ्या कलमाला मी कडी लावली. त्यांनी ती स्वतः ओढून पाहिली. चौथ्याला कोपर बुडवलं, त्यांचं, मग माझं, मग पुन्हा त्यांचं. सहाव्याला त्या काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. मांजर त्यांच्या मनगटावर पंजे टेकून उभं होतं. सातव्याला केस करकर वाजले. त्यांनी आणखी एक मग ओतला.

मग त्यांनी गिऱ्हाइकाला टॉवेलात घेतलं आणि काकांच्या खुर्चीत बसल्या. फक्त तोंड बाहेर होतं. टॉवेलातून पाणी त्यांच्या मांडीवर झिरपत होतं.

"वाच पुढचं," त्या म्हणाल्या.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. सातव्या कलमापर्यंत माझं अक्षर होतं. त्याखाली न पुसणाऱ्या शाईने, डाव्या हाताच्या वळणाने, काकांनी स्वतः आकडा घातला होता. आठ. त्याच्यापुढे एक टिंब होतं, आणि मग कागद कोरा होता.